बाजूला कोण उभं राहणार?

बिरा हवालदार माणसाकडं सरळ बघायचा नाही. आधी त्याचा डावा कान पुढं यायचा, मग त्याच्या मागून सावकाश डोळे. दाणे टिपता टिपता कोंबडी मान वाकडी करून थबकते ना, तसं. पहिल्या भेटीत मला वाटलं, याची मान धरलीय. दुसऱ्या भेटीत वाटलं, गर्विष्ठ आहे. तिसऱ्या भेटीत कळलं, की त्याचा उजवा कान फौजेतच गेला होता आणि उरलेलं सगळं जग हा माणूस डाव्या बाजूनं आत घ्यायचा.

कराडला एस्टी स्टँडच्या मागं एका गल्लीत परवान्याच्या बंदुकांचं जुनं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत तो बसायचा. फौजेत त्यानं आयुष्यभर हत्यारं दुरुस्त केली, निवृत्त झाल्यावर तेच काम इथं. खोलीला वर एकच झरोका. दुपारी त्यातून उन्हाचा एक पट्टा आत यायचा आणि तेलाचा वास, लोखंडाचा कीस, चहाची वाफ असं सगळं त्या पट्ट्यात हळूहळू फिरत राहायचं. अजूनही दुपारी जेवून लवंडले आणि डोळा लागायला आला, की मी कधी कधी त्याच खोलीत असते. पट्ट्यात धूळ फिरत असते आणि तो बंदुकीचा बोल्ट पुढंमागं करून ऐकत असतो. बघत नसतो, ऐकत असतो. आईनं लेकराच्या छातीला कान लावावा तसा.

"आतली स्प्रिंग थकली हाय," तो बंदूक न उघडताच म्हणायचा. उघडली की स्प्रिंग थकलेलीच असायची.

मी तिथं कशी पोचले ते सांगायला हवं, म्हणजे माझी थोडी अब्रू जाईल. जाऊ दे.

तेव्हा मी साठीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. शिराळ्याच्या बाजूला डोंगराला लागून आमचं रान आहे. उसाचं खाली, मका-भुईमुगाचं वर. वरच्या रानात रानडुकरं यायची. नुसती खात नाहीत ती मेली, लोळतात. सकाळी बघावं तर मक्यात कुणी गादी घातल्यासारखं. आमच्या ह्यांच्याकडं पीक राखायची रायफल होती. तीनशे पंधरा बोअरची, परवान्याची. हे गेले आणि रीतसर कागद होऊन ती माझ्या नावावर आली. वनखात्याचा परवानगीचा कागदही मी मिळवला. दीर म्हणाले, "वैनी, ठेवा कपाटात. बाईमाणसाच्या खांद्याचं काम न्हाई ते."

झालं. एवढंच पुरे होतं. त्या काळच्या मला कुणी "जमणार नाही" म्हटलं, की मी विहिरीतसुद्धा उडी घेतली असती आणि वर आल्यावर पाणी गार आहे म्हणून विहिरीला दोष दिला असता.

पहिला बार काढला. रायफलीनं मला जो धक्का दिला, तो आमच्या सासूबाईंनीसुद्धा कधी दिला नव्हता. खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग. पंधरा दिवस मी पदर असा काही लपेटून हिंडले, की लोकांना वाटलं म्हातारीला सोवळं सुचलंय. आणि दुसऱ्या बाराला त्याहून वाईट. घोडा ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायचे आणि खांदा मागं पळायचा. डुक्कर एकीकडं, गोळी दुसरीकडं. गावात पोरंटोरं मला बघून खांदा उडवून दाखवायची.

मग एके दिवशी नातवाच्या मोबाईलवर मी परदेशातल्या शिकाऱ्यांचं चित्रण बघितलं. माझ्याहून किडकिडीत एक बाई केवढीतरी मोठी रायफल उडवत होती आणि तिचा खांदा हललाही नाही. नळीच्या तोंडाला एक जाड, भोकाभोकाचं टोपण होतं. त्याला मझल ब्रेक म्हणतात, असं कळलं. मला अगदी लख्ख दिसलं, की माझ्या आणि कीर्तीच्या मधे एवढं एक टोपणच काय ते उभं आहे.

बिरा हवालदारानं माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. रायफल हातात घेऊन आधी चेंबर रिकामं आहे का ते बघितलं. दोनदा. ते बघितल्याशिवाय तो कुणाला "बसा" सुद्धा म्हणत नसे. मग नळी नाकाशी नेऊन हुंगली, फडक्यावर आडवी ठेवली आणि विचारलं,

"बाजूला कोण उभं ऱ्हाणार?"

"कुणाच्या बाजूला?"

"तुमच्या, वैनीसाब. बार काढताना."

मला वाटलं, बाईमाणूस एकटी शिकारीला जाते म्हणून चौकशी करतोय. मी म्हटलं, "त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? टोपण मला हवंय."

"टोपण तुमास्नी. पण त्येचा परसाद बाजूच्याच्या कानाला," तो म्हणाला. "म्हणून आदी बाजूचं माणूस आणायचं. मंग बघू."

ही त्याची रीतच होती. कुणीही ब्रेकचं नाव काढलं, की तो बंदूकवाल्याचा खांदा नंतर बघायचा, आधी सोबत्याला बोलावणं धाडायचा. दुकानाचे मालक वैतागायचे. गिऱ्हाईक नाराज व्हायचं. तो ढिम्म.

आता माझ्या बाजूला कोण असणार? आक्का. माझी थोरली जाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, घारीच्या डोळ्यांची. पहाटेच्या धुक्यात मक्याचं एक पान हललं तरी तिला दिसायचं. ती बांधावर माझ्या उजव्या हाताला, जरा पुढं सरकून बसायची आणि बोटानं दाखवायची, तिकडं बघ. तिच्याशिवाय मला डुक्कर काय, हत्तीही दिसला नसता. आणि आक्काला ऐकू येत नव्हतं. म्हणजे आम्ही तसं धरून चाललो होतो. घरात तिच्याशी कुणी बोलायचंच नाही, खुणा करायचो. लग्नाची पत्रिका आली तरी तिच्यापुढं नुसती धरायची.

मला वाटलं, देवानं किती सोय केलीय! कानाला त्रास देणारं टोपण आणि बाजूला बहिरी जाऊ. मी आक्काला एस्टीत घालून कराडला नेलं आणि विजयी मुद्रेनं म्हटलं, "ही घ्या बाजूची. हिला तसंही ऐकू येत नाही. आता बसवा."

हे वाक्य आज लिहितानासुद्धा माझ्या कानशिलावर कुणीतरी द्यावी असं वाटतं. पण तेव्हा मी अगदी प्रसन्न हसत होते.

बिरानं आक्काला उन्हाच्या पट्ट्यात स्टुलावर बसवलं, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेली एक घंटी काढली. मेंढराच्या गळ्यातली. जुनी, पितळेची, काठाला झिजलेली. तो माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडचा. बापजाद्यांची मेंढरं. ही त्याच्या बापाच्या कळपातल्या म्होरक्याची घंटी. फौजेत सगळीकडं त्याच्या पेटीतून ती हिंडून आली होती.

तो आक्काच्या पाठीमागं गेला. ती बघत नाही अशी खात्री करून त्यानं घंटी हलवली.

आक्का हसली. दात नसलेलं, मोठं, पोरीसारखं हसू. "मेंढरं आली काय गं?" ती म्हणाली.

तो दारापर्यंत मागं सरकला. हलवली. आक्कानं मान डोलावली. तो दाराबाहेर गल्लीत गेला. एक हातगाडी गेली, एक मोटरसायकल गेली, मला काही ऐकू आलं नाही. आक्का म्हणाली, "वाजली."

आम्ही एका घरात चाळीस वर्षं राहिलो होतो आणि आक्काला घंटी ऐकू येते हे मला कराडच्या एका दुकानात, परक्या माणसाकडून कळलं.

"समदं गेलं न्हाई वैनीसाब," बिरा आत येऊन म्हणाला. "बारीक बोलणं ऐकू येत न्हाई. ह्ये एवडं ऱ्हायलंय. आन् जे ऱ्हायलंय तेच लय जपायचं असतंय." मग घंटी फडक्यात गुंडाळता गुंडाळता, जणू घंटीलाच सांगावं तसं म्हणाला, "माजंबी तसंच हाय. ह्यो एक कान हाय. धाकट्या भावाची मेंढरं हाईत गावाकडं. अजून वरीसभर काम करायचं, मंग ह्यो कान घिऊन माळाला जायाचं. घंटीवरनं कंचं मेंढरू कुटं हाय ते मला डोळं झाकून कळतंय. तेवड्यासाटी ठिवलाय."

आक्काला यातलं काही ऐकू गेलं नसणार. तरी तिनं त्याच्याकडं बघून मान हलवली.

मी मात्र हट्टाला पेटले होते. म्हटलं, "पण असं होतं तरी काय त्या टोपणानं?"

त्यानं मला मागच्या अंगणात नेलं. तिथं नळाला लांब पाइप लावलेला होता. नळ पूर्ण सोडला आणि पाइपाचं टोक माझ्या हातात दिलं. पाणी जोरात समोर सुटलं, पाइप हातात मागं रेटत होता, सापासारखा वळवळत होता. "ह्यो धक्का," तो म्हणाला. मग त्यानं टोकावर बाजूंनी भोकं पाडलेलं एक डबडं बसवलं. पाइप एकदम शांत झाला. अगदी झोपलेल्या पोराच्या हातासारखा. मला इतका आनंद झाला, की मी "बघा, बघा!" म्हणून ओरडले. आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या दोन्ही बाजूंना पाण्याची कारंजी उडालीत, माझं नवं इरकल मात्र जवळजवळ कोरडं आहे, आणि उजव्या हाताला उभी असलेली आक्का डोक्यापासून पायापर्यंत निथळतेय.

"हात कुणाचा गप झाला?" बिरानं विचारलं.

"माझा."

"भिजलं कोण?"

आक्का पदर पिळत म्हणाली, "शाले, तू कवापासनं पाणी उडवाया लागलीस गं?"

"बारातली हवा हाय ती," बिरा म्हणाला. "म्होरं जायाची ती बाजूला फेकायची, मंग बंदूक गप बसती. खांद्याला बरं. नळी वर उडत न्हाई, गोळी कुटं लागली ते दिसतं, दुसरा बार लवकर निगतो. समदं खरं. ब्रेक वाईट न्हाई. पण धक्का जात न्हाई वैनीसाब, जागा बदलतो. खांद्यातनं निगतो आन् कानात जातो. तुमच्या थोडा, बाजूच्याच्या लय."

तो आंधळा विरोधक नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचंय. साताऱ्याकडचे एक सुभेदार होते, खांद्यात लोखंडी पट्टी घातलेले. नेमबाजी सुटली म्हणून माणूस खंगत चालला होता. बिरानं त्यांना स्वतः ब्रेक बसवून दिला. आधी परवान्याचे कागद करून घेतले, कारण कागदावर नसलेला खिळासुद्धा तो बंदुकीला लावत नसे. मग सुभेदारांना बजावलं, की एकट्यानं, भिंतीच्या आडोशाला, दोन्ही कान झाकणारी जाड बोंडं लावून. सोबत कुणी नाही. कोरड्या मातीवर पालथं पडून तर नाहीच, धुळीनं स्वतःचंच तोंड भरेल. सुभेदार पहिला बार काढून आले आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडले म्हणे. बिरा त्यांच्याशेजारी बशीत चहा ओतून फुंकत बसला.

"त्येंच्या बाजूला भिंत हुती," तो मला म्हणाला. "तुमच्या बाजूला मानूस हाय."

माझ्यासाठी त्यानं वेगळा उपाय काढला. दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाला, लावायची गादी. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, त्यावर फौजी कांबळ्याचा तुकडा, हातानं शिवलेला. आणि दस्ता खांद्याच्या खोबणीत कसा घट्ट धरायचा ते दाखवलं. "सैल धराल तर मारील. आवळून धराल तर ढकलील. ढकललेलं सोसतंय." गादी बघून मी नाक मुरडलं आणि ती तिथंच ठेवून आले. बाळंतिणीच्या उशीसारखी दिसत होती ती. मोबाईलवरच्या त्या बाईच्या रायफलीला असलं काही गाठोडं नव्हतं.

आता माझा पराक्रम ऐका.

मी दुकानात फोन केला आणि गोड आवाजात म्हटलं, हवालदार, नळीत धूळ जाते, एक कापडी टोपी शिवायची म्हणते. नळीचं तोंड बाहेरून किती भरतं? त्यानं सांगितलं. मी विचारलं, नक्की किती? अर्ध्या मिलिमीटरपर्यंत सांगा. त्यानं सांगितलं. मग मी सांगलीला माहेरी गेले. तिथं ट्रॅक्टरचे बुश करणारा एक ओळखीचा लेथवाला होता. त्याला फवारणीच्या पंपाचा नवा भाग आहे म्हणून थाप मारली आणि मोबाईलवरचं चित्र दाखवून ते टोपण करून घेतलं. स्क्रूनं आवळायचं. ओंजळीत घेतलं तर बासरीचा तुकडा कापून आणल्यासारखं, जड आणि देखणं. एस्टीत मी ते मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर कृष्णाकाठचा ऊस मागं मागं सरकत होता, आणि मला दिसत होतं, की दीर तोंडात बोट घालून उभे आहेत.

कागद नाही, विचारणं नाही, भोक सरळ पडलंय की वाकडं ते बघणं नाही. वाकडं असतं तर टोपणासकट गोळी कुठं गेली असती कोण जाणे. देव तेव्हा माझ्यामागं नुसता धावत असणार, धाप लागेस्तोवर.

त्या सकाळी धुकं होतं. पूर्वेला नुसता दुधाळ उजेड. जांभळाखालच्या बांधावर आम्ही दोघी बसलो. मी माझ्या दोन्ही कानांत कापूस घातला, चांगला गच्च. आक्काच्या कानात घातला नाही. कापूस शिल्लक होता, माझ्या कमरेच्या पिशवीतच होता. पण ते माझ्या मनातच आलं नाही. घंटी ऐकून ती हसली होती, ते मी विसरले होते असंही नाही. मला ते आठवायचं नव्हतं.

आक्का पुढं सरकली. तिचं बोट उठलं. मक्याच्या कडेला एक काळा ढीग हलत होता. सगळं असं संथ चाललं होतं, की जणू पाण्याखाली. मी दस्ता खांद्याला लावला. डोळे उघडे ठेवले. घोडा ओढला.

आणि खरं सांगते, खांद्याला काही म्हणजे काही झालं नाही. कुणी फुलाची करंडी टेकवावी, एवढंच. एक क्षणभर मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते. समोर धुक्याला भोक पडलेलं दिसत होतं. डुक्कर तसंच उभं होतं, मग सावकाश वळून निघून गेलं, जणू त्याला कुणीतरी हाक मारली होती. गोळी ठिबकच्या पाइपाला लागली होती आणि तिथून एक बारीक कारंजं उडत होतं.

मी उजवीकडं बघितलं. वाळलेल्या गवताची धूळ उडून हवेत लोंबकळत होती. त्या धुळीत आक्का होती, आणि आक्काच्या मागं गुडघ्यावर बसलेला बिरा हवालदार. त्याचे दोन्ही तळहात आक्काच्या दोन्ही कानांवर दाबलेले होते. डोकं तिच्या डोक्याला टेकलेलं. डावा कान माझ्याकडं.

दोनच हात होते त्याला.

पहिल्या एस्टीनं आला होता. टोपीला अर्धा मिलिमीटर कशाला लागतो, हे त्याच्या डोक्यातून जाईना म्हणून. पिशवीत माझी गादी होती, वरून खणाचं कापड लावून परत शिवलेली. म्हणजे मला आवडावी म्हणून. घरी विचारलं तर आम्ही रानात. तो बांधापाशी पोचला तेव्हा माझं बोट घोड्यावर होतं. मागून हाक मारली असती तर मी दचकले असते, म्हणून त्यानं हाक मारली नाही. तसंही माझ्या कानात कापूस होता.

"बोल्ट उघडा," तो पहिलं हे म्हणाला. मी उघडला. "जिमिनीवर ठिवा." ठेवली. मग तो आक्काच्या पुढ्यात आला आणि मोठ्यांदा, गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "आक्का! ऐकू येतंय का?"

"यवडा वरडतूस कशाला, बाबा?" आक्का म्हणाली. "येतंय की."

बिरा तिच्या ओठांकडं बघत राहिला. मग त्यानं मान वाकडी केली, डावा कान पुढं केला, आणि पुन्हा तेवढ्याच मोठ्यांदा विचारलं, "तुमी काय म्हनाला?"

मी तोपर्यंत कापूस काढला होता. त्या माळावरची सकाळ मला सगळी ऐकू येत होती. होले घुमत होते. पाइपातून पाणी उडत होतं. मला सगळं आणि आक्काला तिच्या वाट्याचं ऐकू येत होतं, त्याला नाही.

डॉक्टर झाले. थोडं परत येईल म्हणाले. नाही आलं. आधीच दमलेला कान होता तो, फौजेनं वापरून उरलेला. त्यात शिट्टी बसली, बारीक, कायमची. तीन महिने त्यानं दुकानात काढून बघितले. मी मधे एकदा गेले होते. तो झरोक्याखाली बसला होता, बोल्ट पुढंमागं करत होता आणि कान लावत होता. मग त्यानं कान काढून घेतला आणि बंदूक उघडून बघायला लागला, बाकीचे लोक बघतात तशी.

येताना शब्द पाठ करून आले होते, ते एस्टीतच राहिले. मी ते टोपण त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं उचललं, भोकांतून उजेड बघितला.

"काम झ्याक केलंय लेथवाल्यानं," तो म्हणाला. मोठ्यांदा. आता तो मोठ्यांदाच बोलायचा. "ह्ये मला ऱ्हाऊ द्या."

"हवालदार, माझं चुकलं."

त्याला ते ऐकू गेलं नाही. ओठ बघून समजलं असेल तर त्यानं दाखवलं नाही. विचारलं एवढंच, "खांदा कसा हाय?"

त्या महिन्यातच तो गावी गेला. मी त्याची खणाची गादी लावून, कागदावर नेम धरून शिकले. आक्काच्या कानात कापूस, त्यावर बोंडं, आणि तिला माझ्या मागं बसवून. पुढं रानाला सोलरचं कुंपण आलं आणि रायफल कपाटात गेली. दिरांचं म्हणणं खरं झालं, असं दीर म्हणतात. म्हणू देत. घरात मात्र एक बदल झाला. आक्काशी आम्ही बोलतो. मोठ्यांदा, तोंडासमोर तोंड धरून. ती निम्मं ऐकते आणि निम्म्यावर भांडते.

दोनेक वर्षांनी आक्काच म्हणाली, "त्या घंटीवाल्याला बघून यिऊ." आम्ही दोघी म्हाताऱ्या एस्टीनं दहिवडीला आणि तिथून वडापच्या जीपमध्ये, गुडघे छातीशी घेऊन, त्याच्या गावाला गेलो. घरात सांगितलं, माळाला आहे.

तो माळ मी विसरणार नाही. आमच्याकडच्या हिरव्या उसाला सवकलेले डोळे तिथं कशावर ठेवावे ते कळत नाहीत. पिवळं गवत, खडक, आणि लांबवर पवनचक्क्या आपल्याच नादात फिरतायत. ढगांच्या सावल्या मेंढरांसारख्या सरकत होत्या आणि मेंढरं सावल्यांसारखी. त्यांच्या मधोमध तो उभा होता, काठीवर हात, हातांवर हनुवटी.

आम्हाला बघून त्यानं मान वाकडी केली. सवयीनं. मग सरळ केली.

म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात पितळेची घंटी नव्हती. माझं टोपण होतं. तेच. दोरीत ओवलेलं, आत आपटून वाजायला लोळी म्हणून रिकामं काडतूस टांगलेलं. मेंढा मान खाली घालायचा, चरायचा, आणि त्या भोकाभोकातून एक भरडा, मऊ आवाज निघायचा. टण्ण. मग थांबून, टण्ण.

"बाऽऽची घंटी भावाच्या पोराला दिली," तो ओरडून म्हणाला. "ही माजी." मग मेंढ्याच्या गळ्यावर तळहात ठेवून म्हणाला, "हाताला कळतंय थोडं."

आम्ही खडकावर बसलो, त्याच्या पितळीतला चहा प्यायलो. तिघांत धड कान माझे एकटीचे होते आणि मला काही बोलायची लाज वाटत होती. ऊन कलायला लागलं तसा तो उठला. मेंढरं पलीकडच्या उतरणीला वळवायची होती. जाताना तो आक्कासमोर वाकला, बोटानं मेंढ्याकडं दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडं, मग तिच्या.

"वाजतंय का?"

"वाजतंय," आक्का म्हणाली, आणि त्याला ऐकू जाणार नाही म्हणून तिनं हात वर केला.

त्याला ते फार आवडलं. तो कळप घेऊन निघाला. थोडं लांब गेल्यावर वळला आणि दोन्ही हात पसरून विचारलं, वाजतंय का? आक्कानं हात वर केला. आणखी लांब गेला. टण्ण. पुन्हा वळला. पुन्हा आक्काचा हात. धूळ सोनेरी झाली होती आणि तो त्या धुळीत बोटाएवढा, मग नखाएवढा दिसत होता. वळायचा, थांबायचा, बघायचा.

माझे कान चांगले आहेत. पहिल्या टेकाडाच्या पुढं मला वारा सोडून काही ऐकू येईनासं झालं होतं.

आक्काचा हात अजून वर होता.